शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

व्हेरिकोज व्हेन्सच्या ओपीडीत हा प्रश्न ठरलेला. त्याआधीचा म्हणजे, ‘सिस्टर, इंजेक्शन दंडात की कमरेत?’ दोन्हीकडे नाही. सुई थेट फुगलेल्या शिरेत जाते. औषध तिच्या आतल्या अस्तराला मुद्दाम इजा करतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, शीर आक्रसून जिरते. रक्ताची काळजी नको. पायातलं बहुतेक रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांमधूनच वर चढतं. कातडीखालच्या या फुगलेल्या शिरेच्या झडपा गळक्या झाल्यामुळे ती रक्त उलट खालीच साचवत असते.

आमच्याकडे पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट वापरतात. पॉलिडोकॅनॉल मूळचं बधिरीकरणाचं औषध, म्हणून फारसं झोंबत नाही. जाळीसारख्या बारीक शिरांना औषध पातळच देतात, जाड शिरेला त्याचा फेस लागतो. इटलीच्या डॉ. टेसारींनी २००० च्या सुमारास रूढ केलेली ही युक्ती: दोन सिरिंजा, मध्ये थ्री-वे तोटी, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दट्टे आलटून पालटून वीसेक वेळा भराभर दाबले की पाण्यासारखं औषध दाढीच्या साबणासारखं पांढरं होतं. फेस रक्तात विरघळून जात नाही, रक्त पुढे ढकलून भिंतीला लागतो. पण तो टिकत नाही. म्हणून डॉक्टर सरांनी सोनोग्राफीत शीर पकडल्याशिवाय मी दट्ट्याला हात लावत नाही.

इंजेक्शनआधी डॉपलर सोनोग्राफी हवीच. जांघेतली मोठी झडपच गळत असेल तर बहुधा लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी आधी, इंजेक्शन उरलेल्या फांद्यांना. गरोदरपणात नाही, अंथरुणाला खिळलेल्यांना नाही, खोल शिरेत गुठळी असेल तर अजिबात नाही. नंतर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहू शकतो, शिरेच्या जागी गाठ लागते. क्वचित जखम होते किंवा खोल शिरेत गुठळी. आणि काही वर्षांनी दुसरी शीर फुगूही शकते. हे मी आधीच सांगते, मग भांडण होत नाही.

टोचून झालं की घट्ट स्टॉकिंग चढवायचं आणि लगेच अर्धा तास चालायचं. मे महिन्यात त्या स्टॉकिंगला शिव्या बसतात, त्या मीच खाते.

पोळीभाजी केंद्रातल्या एका ताईंनी विचारलं, ‘उद्यापासून उभं राहायचं नाही का?’ म्हटलं, राहा, पण खांबासारखं नको. लाटता लाटता टाचा उचला, पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. त्या म्हणाल्या, ‘मग पोळी गोल यायची नाही.’