भाकरी मोजावी की तेल?

हिवाळा लागला की धुळे-जळगावकडच्या शेतांमध्ये भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यावर खरपूस भाजलेली हिरवट-पांढरी वांगी, मग ती सोलून लाकडी भांड्यात ठेचायची. पातीचा कांदा, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि हात सैल सोडून ओतलेलं तेल. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा पंगतीत हल्ली दोन प्रकारची माणसं हमखास दिसतात. एकाने कार्ब बंद केलेले असतात. तो भाकरीला हात लावत नाही, भरीत मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतो. दुसरा मोबाइलवर कॅलरी मोजतो. भाकरीचा आकडा नेमका भरतो, पण भरितात तेल किती पडलं ते त्याला ठाऊक नसतं. वजन दोघांनाही उतरवायचं आहे, आणि आपलीच पद्धत शास्त्रीय, अशी दोघांचीही खात्री आहे.

या वादाचा निकाल खानदेशी ताटावरच लावून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३५ कॅलरी, ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात. उडदात प्रथिनं दुपटीहून जास्त आणि कर्बोदकं ज्वारीपेक्षा बरीच कमी. किलोभर ज्वारीला पाव किलो उडीद घालून कळणा दळून आणला आणि ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी थापली, तर तिच्यात सुमारे २३० कॅलरी, ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि ९ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं येतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो उडीद भरून काढतो. हे शहाणपण आपल्या आजी-पणजीकडे कोणत्याही तक्त्याशिवाय होतं.

आता भरीत. वांग्याच्या १०० ग्रॅम गरात पंचवीस-एक कॅलरी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण तेलाचा मोठा चमचा १४ ग्रॅमचा, आणि त्यात सव्वाशे कॅलरी. दोन चमचे तेल पोटात गेलं की एका भाकरीहून थोड्या जास्तच कॅलरी गेल्या, आणि वांगं तेल पिऊन घेतं ते दिसतही नाही. शेवभाजीचंही तेच. शेव बेसनाची, म्हणून कर्बोदकांच्या हिशेबात ती गव्हापेक्षा बरी ठरते. पण ती तळलेली असते, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात जाते, आणि मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ढाब्यावर वरून तर्रीचा थर येतो तो वेगळाच. भाकरी सोडून शेवभाजीच्या दोन वाट्या खाणाऱ्याचं वजन हलत नाही, याचं कारण इथे आहे. उलट सकाळी पोहे, दहा वाजता साखरेचा चहा, अकरा वाजता केळं, असं थोडं थोडं खाणाऱ्याच्या कॅलरी कागदावर कमी दिसतात. पण त्यात प्रथिनं जवळपास नसतात, म्हणून बारा वाजता तो पुन्हा भुकेला होतो.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून वजन उतरवलं आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. अन्नातल्या ऊर्जेचा हिशेब अमेरिकेच्या विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवला. कर्बोदकं आणि प्रथिनांच्या ग्रॅममागे ४ कॅलरी, चरबीच्या ग्रॅममागे ९, हे आजही वापरात असलेलं गणित त्यांचंच.

कॅलरीच्या गणितात चूक नाही. शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळाली तरच चरबी घटते, याला कोणताही आहार अपवाद नाही. अडचण मोजण्यात आहे. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १९९२ साली अशा काही लोकांचा अभ्यास केला, जे म्हणत होते की आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही. प्रत्यक्षात ते खात होते त्याच्या जवळपास निम्मंच सांगत होते, तेही खोटं बोलण्याचा हेतू नसताना. पाकिटावर छापलेले आकडे वाचून खाणाऱ्या देशात ही गत. आपल्याकडे पातेलं एक, जेवणारे सहा, फोडणीचं तेल अंदाजाने, आणि वाढणारीचा आग्रह. अशा घरात रोज आकडा काढणं फार कमी लोकांना जमतं, आणि जमलं तरी महिना-दोन महिन्यांत माणूस कंटाळतो.

कर्बोदकं कमी करण्याच्या पद्धतीची सोय अशी की मोजावं लागत नाही, फक्त सोडावं लागतं. शिवाय पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि हुरूप वाढतो. ती घट बहुतेक पाण्याची असते, हे मात्र सांगायलाच हवं. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कर्बोदकं थांबली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. लग्नाच्या दोन जेवणांत ते परतही येतं. खरी चरबी त्यानंतर सावकाश उतरते, आणि तीही पोट लवकर भरून एकूण खाणं कमी झालं तरच.

कमी कर्बोदकांचा आहार दुसऱ्या आहारासमोर ठेवला तर काय होतं? कमी चरबी आणि कमी कर्बोदकं या दोन आहारांची मोठी तुलना स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ६०९ माणसं, पूर्ण एक वर्ष. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं. साखर, मैदा आणि पाकिटातलं खाणं टाळा, भाज्या भरपूर खा, घरी रांधा, हे दोन्ही गटांना सारखंच बजावलं होतं. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकांवाल्यांचं ६ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. पण प्रत्येक गटाच्या आत कोणी २५ किलोहून जास्त उतरवलं होतं, तर कोणाचं वजन उलट वाढलं होतं. मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आहाराच्या नावापेक्षा तो कोणाला किती दिवस पाळता येतो, याने जास्त फरक पडत असावा.

महाराष्ट्रात या वादाला तिसरंच वळण मिळालं: काय खावं याऐवजी कितीदा खावं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार, त्यांच्या २००४ मधल्या अपघाती निधनानंतर, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावच्या व्याख्यानांतून पसरवला. दिवसातून दोनच वेळा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटं चाला. दर खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा तर्क. २०१८ साली राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत नेमलं. खात्याचे मंत्री तेव्हा आपल्या जामनेरचे गिरीश महाजन होते. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं नेमकं उलट होतं: थोड्या थोड्या वेळाने खा, स्थानिक आणि हंगामी खा, भात-तुपाला घाबरू नका. घराघरांत दोन तट पडले.

दीक्षितांच्या पद्धतीने अनेकांचं वजन उतरलं, त्याचं मुख्य कारण मला फार साधं वाटतं. चहाबरोबरची बिस्किटं, संध्याकाळचा भजीचा पुडा, दुकानात बसल्या बसल्या तोंडात टाकलेला चिवडा, रात्री झोपण्याआधीचं गोड, हे सगळं एका फटक्यात बंद झालं. कॅलरी न मोजता कॅलरी कमी झाल्या, कर्बोदकं न मोजता कर्बोदकं कमी झाली. नियम लक्षात ठेवायला सोपा आणि फुकट, हे त्याचं मोठं बळ. ज्यांनी मात्र दोन जेवणांत चार जेवणांचं खाल्लं, त्यांना काटा हलल्याचा अनुभव आला नाही.

पण नुसतं वजन पाहून भागत नाही. आपल्या भारतीयांच्या शरीराबद्दलचं सर्वांत मोलाचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातून आलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा १९९३ पासून पाठपुरावा केला आणि दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनाने लहान असली तरी अंगात चरबी राखून असतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप खरी बोलते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की वजन कितीही ‘बरोबर’ असो, लक्ष द्यायची वेळ झालेली असते.

आता एक गोष्ट, जी आपल्याला ऐकायला आवडणार नाही. पोळी सोडून भाकरी धरली की काम झालं, असं आपण ठामपणे मानतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचं आहारावरचं विश्लेषण २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलं. भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि एकूण प्रमाण तेच ठेवून नुसतं पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा प्रथिनांना दिला की धोका घटताना दिसला. याच पाहणीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासाने, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी कर्बोदकं पन्नास ते छप्पन्न टक्क्यांपर्यंत आणावीत आणि प्रथिनं १८ ते २० टक्क्यांवर न्यावीत, असं सुचवलं होतं. हे कीटो नव्हे. कीटो आहारात दिवसाला ५० ग्रॅम कर्बोदकांच्या आत राहायचं असतं. आपल्या एकाच भाकरीत ती मर्यादा जवळपास संपते. शाकाहारी माणसाला तर डाळीही जपून खाव्या लागतात. पनीर, तेल आणि शेंगदाण्यांवर धुळ्यातलं शाकाहारी कुटुंब किती दिवस काढेल?

भाकरी वाईट नाही. ती नांगर धरणाऱ्याच्या आणि दिवसभर कपाशी वेचणाऱ्या बाईच्या अंगाला पुरेल अशी बेतलेली आहे. साक्री किंवा शिंदखेड्याच्या शेतात राबणाऱ्या बापाच्या तीन भाकरी घामात जिरतात. धुळ्यात दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा बापाइतकंच खातो, आणि त्या तीनपैकी दीड भाकरी त्याच्या कमरेवर साठते.

म्हणून माझं मत असं की खानदेशी घरात मोजायच्या गोष्टी दोनच. भाकरी किंवा पोळी मोजावी, कारण ती नगावर असते. आणि तेल मोजावं, पण रोज चमच्याने नव्हे. महिन्याचा डबा भरतानाच ठरवावं. माणशी महिन्याला अर्धा किलो तेल, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम. सध्या आपल्या घरात माणशी किती संपतं, हे किराण्याच्या यादीवरून पाच मिनिटांत कळेल आणि बहुतेकांना धक्का बसेल. बैठं काम करणाऱ्याने दोन भाकरींची एक करावी, आणि सुटलेल्या जागी मुगाची किंवा मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, खात असाल तर अंडी किंवा मासे. कळण्यात पाव किलोऐवजी अर्धा किलो उडीद घालून पाहावा. भाकरी थापायला थोडी जड जाते, पण चव छान येते. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खावा, श्रावणात कानबाईचे रोटही खावेत. सणाच्या चार दिवसांनी कोणी लठ्ठ होत नाही. लठ्ठपणा उरलेल्या तीनशे साठ दिवसांच्या चहा-बिस्किटांतून येतो.

घरातल्या बाईचं वेगळं सांगायला हवं. पुरुषाचं ‘डाएट’ सुरू झालं की त्याचं ताट वेगळं लागतं, उसळ त्याच्याकडे जाते. ती शेवटी बसते आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेली दीड भाकरी भाजीच्या रश्शाबरोबर संपवते. तिचं वजन वाढतं, हिमोग्लोबिन मात्र कमीच राहतं. वाढतानाच तिच्या वाटची उसळ बाजूला काढून ठेवली पाहिजे, आणि ते काम घरातल्या इतरांनी करायला हवं.

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. त्याने भूक भागते, हे फार मोठं आहे. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ असतं. डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. ज्याचं पोट रेशनच्या गव्हावर चालतं, त्याला ‘कार्ब कमी करा’ म्हणणं क्रूरपणाचं आहे. महिन्याच्या रेशनमध्ये किलोभर डाळ ठरलेली असेल, तर वजनाचं आणि मधुमेहाचं जेवढं काम होईल, तेवढं कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही.

आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असताना अचानक भाकरी-भात तोडला, एक वेळचं जेवण बंद केलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. लगेच साखरेचं पाणी घ्यावं. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असताना कीटो केलं, तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं, तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवून विचारावं: जेवण निम्मं केलं, तर यातली कोणती गोळी निम्मी करायची?