बर्फावरचं रबर

१९८६ साली आउडीने एक जाहिरात केली. फिनलंडमध्ये कायपोला इथे स्की-उडीसाठी बांधलेला एक उतार आहे. खेळाडू त्यावरून घसरत खाली येतात आणि टोकाशी पोचले की हवेत झेपावतात. आउडीने त्याच उतारावर आपली १०० सीएस क्वाट्रो खालून वर चढवली. सगळीकडे हिम, ३७.५ अंशांचा चढ, आणि त्यावर साहेबलोकांनी कचेरीत जायला वापरावी अशी चार दारांची ऐसपैस सेडान. हाराल्ड डेमुथ या रॅलीचालकाने ती माथ्यापर्यंत नेली. पाहणाऱ्यांनी एकच अर्थ काढला: चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की हिमाची काय बिशाद!

आता शाळेतलं थोडं भौतिकशास्त्र. चढावर गाडी टिकायची तर टायर आणि जमीन यांच्यातला घर्षणांक निदान त्या कोनाच्या टॅन्जंटएवढा हवा. ३७.५ अंशांसाठी हा आकडा येतो ०.७७. कोरड्या डांबरावर चांगला टायर ०.८ ते १ इतकी पकड देतो. दाबून घट्ट झालेल्या हिमावर मात्र ती ०.२ ते ०.३ वर येते. म्हणजे साध्या रबरावर उभी असलेली गाडी, तिची चार चाकं फिरवा नाहीतर चाळीस, असल्या हिमावर सतरा अंशांपलीकडे चढूच शकत नाही. मग कायपोलाला हे जमलं कसं? ग्यानबाची मेख तिथे अक्षरशः टायरमध्ये ठोकलेली होती. गाडीला धातूचे काटे बसवलेले टायर होते. २००५ साली आउडीने ए-सिक्स घेऊन हाच पराक्रम पुन्हा केला, तेव्हाही टायर काट्यांचेच होते.

यात फसवणूक होती असं मला म्हणायचं नाही. काट्यांनी दिलेली पकड चारही चाकांनी वापरली नसती तर गाडी वर गेलीच नसती. पण नाव झालं चारही चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेचं, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हचं, आणि रबर बिचारं पडद्याआड राहिलं. ऑल-व्हील ड्राइव्हची महागडी सेडान घेतलेले कितीतरी लोक आजही विचारतात, ‘हिला कशाला हवेत हिवाळी टायर?’ टोरांटोच्या, म्युनिकच्या मराठी घरांमध्येही पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न निघतोच. गाडीवर एवढे पैसे ओतल्यावर टायरवाल्याने आणखी चार टायर गळ्यात मारावेत, हे कुणाला आवडेल?

उत्तरासाठी गाडीचं वजन जिथे टेकतं तिथे पाहायला हवं. प्रत्येक टायरचा जमिनीला लागणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. असे चार तुकडे, आणि त्यांवर पावणेदोन-दोन टनांची गाडी. वेग घेणं, वळणं आणि थांबणं ही तिन्ही कामं याच चार तुकड्यांच्या पकडीतून होतात. श्टुटगार्टचे अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘काम वर्तुळ’ हेच दाखवतं: पकडीची एकूण मर्यादा ठरलेली असते, आणि ब्रेकसाठी जितकी वापराल तितकी वळणासाठी कमी उरते. ऑल-व्हील ड्राइव्ह ही मर्यादा तसूभरही वाढवत नाही. इंजिनाची ताकद दोनऐवजी चार तुकड्यांवर वाटणं एवढंच तिचं काम. सिग्नलवरून निघताना, चढावर, रुतलेल्या जागेतून बाहेर पडताना त्याचा मोठा उपयोग होतो. पण ब्रेक तर स्वस्तातल्या स्वस्त गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना आउडीवरच्या ‘क्वाट्रो’ किंवा बीएमडब्ल्यूवरच्या ‘एक्सड्राइव्ह’ या अक्षरांचा काही उपयोग नाही.

गणित करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.३ घर्षणांकाच्या टायरवर साधारण ३३ मीटरमध्ये थांबते. ०.२ असेल तर ४९ मीटर लागतात. सोळा मीटरचा फरक कागदावर तितका भयंकर दिसत नाही. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी गाडी जाते ताशी २९ किलोमीटरच्या वेगाने. आणि टणक बर्फावर, जिथे घर्षणांक ०.१ पर्यंत घसरतो, तिथे हेच अंतर ९८ मीटर होतं. (हिम म्हणजे आकाशातून पडणारं, बर्फ म्हणजे रस्त्यावर गोठलेलं पाणी. हा फरक पुढेही लागणार आहे.)

मला यातली सगळ्यात मोठी गोम वेगळीच वाटते. दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी निसरड्या रस्त्यावर निघतानाच कुरकुरते. चाक जागच्या जागी फिरतं, आणि चालकाला कळतं की आज जपून. ऑल-व्हील ड्राइव्ह ही सूचना गिळून टाकते. गाडी इतकी निमूट वेग घेते की रस्ता किती वाईट आहे हे पहिल्यांदा कळतं ते ब्रेकवर पाय पडल्यावर.

म्हणून रबराकडे वळलं, तर थक्क व्हायची वेळ येते.

आउडीची ती जाहिरात आली त्याच १९८६ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हवेतच फुटलं. पुढच्या महिन्यात चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानाच्या रॉकेटमधल्या रबरी कड्याचा तुकडा चापात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चाप सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. थंडीत रबराचं काय होतं याचं इतकं साधं प्रात्यक्षिक क्वचितच कुणी दाखवलं असेल.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या. ऊब असते तोवर त्या सतत वळवळत असतात. टायर रस्त्यावर टेकला की रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरतं, दबतं, सुटतं, आणि या दबण्या-सुटण्यात जी ऊर्जा खर्ची पडते ती आपल्याला पकड म्हणून मिळते. तापमान उतरलं की साखळ्या मंदावतात. पुरेसं उतरलं की जवळजवळ थिजतात आणि रबर कडक, ठिसूळ होतं. हे किती अंशांवर घडावं, ते रबराच्या जातीवर अवलंबून असतं. नैसर्गिक रबरात ते उणे ७० च्या आसपास घडतं, काही कृत्रिम रबरांत त्याहून खाली, काहींत बरंच वर. उन्हाळी टायरचं मिश्रण तापलेल्या डांबरावर टिकावं म्हणून मुद्दाम ताठ ठेवलेलं असतं, त्यामुळे ते शून्याच्या पुष्कळ आधीच आळसावतं. हिवाळी टायर लावायला टायरवाले ७ अंश सेल्सियसचा आकडा सांगतात तो यासाठी. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे, अंदाजाची खूण आहे. पण ती शून्याच्या वर आहे हे लक्षात घ्यावं. हिमाचा कणही पडलेला नसला तरी थंडीने टायर बदललेला असतो.

मग उणे २० ला मऊ राहणारं रबर करायचं, तर ते ओल्या रस्त्यावर टिकेल का? बरीच वर्षं ही दोन टोकं जुळत नव्हती. १९९२ मध्ये मिशलॅंने टायरच्या रबरात मिसळायच्या काळ्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरली आणि चित्र पालटलं. सिलिका म्हणजे रसायनाच्या भाषेत वाळूच. रबराशी तिचं जमत नाही, म्हणून दोघांना बांधणारा तिसरा रेणू मध्ये घालावा लागतो. हे लग्न जमल्यावर थंडीत मऊ, पाण्यात घट्ट आणि इंधनही वाचवणारा टायर शक्य झाला.

बर्फाची गंमत आणखी वेगळी. बर्फ निसरडा का असतो? वजनाच्या दाबाने तो वितळतो, असं आपण शाळेत शिकलो. पण दर वातावरणामागे वितळणबिंदू उतरतो अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. गाडीच्या टायरखालचा दाब दोन-तीन वातावरणांचा, म्हणजे फरक ०.०२ अंशाच्या आसपास. त्याने काय वितळणार? मायकेल फॅरडेंनी १८५० च्या सुमारास सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच एक पातळ, द्रवासारखा थर असतो. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. या थरामुळेच कडक थंडीतला बर्फ त्या मानाने बरा, आणि शून्याच्या आगेमागे वितळू लागलेला सगळ्यात घातकी.

म्हणजे हिवाळी टायरचं अर्धं काम हे पाणी पुसण्याचं. टायरच्या ठोकळ्यांवर दिसणाऱ्या बारीक नागमोडी चिरा त्यासाठीच असतात. त्यांना जॉन साइप यांच्या नावावरून ‘साइप’ म्हणतात. साइप यांचं पेटंट १९२० च्या दशकातलं आहे. या चिरा पाणी शोषतात आणि शेकडो कडांनी बर्फ ओरखडतात. जपानमध्ये १९८८ साली ब्रिजस्टोनने ‘ब्लिझॅक’ आणला. त्याच्या रबरातच सूक्ष्म छिद्रं होती, आणि रबर झिजलं की खाली नवी छिद्रं उघडी पडायची. टोयोने तर रबरात अक्रोडाच्या कवचाची भरड मिसळली. ती बर्फाला ओरखडे काढण्याइतकी कठीण आहे, पण डांबर उकरण्याइतकी नाही.

जपान्यांना बिनकाट्याच्या टायरांची एवढी घाई का होती? काट्यांच्या टायरांनी सेंडाई, साप्पोरोसारख्या शहरांचे रस्ते खरवडून निघत होते आणि त्याची धूळ लोकांच्या फुप्फुसांत जात होती. १९९० मध्ये तिथे काट्यांवर बंदी घालणारा कायदा झाला.

हिमावर मात्र उलटा न्याय चालतो. चिखलात टायरच्या खाचा मोकळ्या राहाव्या लागतात, हिमात भरलेल्या हव्या. कारण रबरापेक्षा हिमच हिमाला घट्ट धरतं. हिवाळी टायरच्या खाचांत हिम अडकून बसलेलं दिसलं तर तो दोष समजू नये.

आता खरेदी. आधी गाव कोणतं ते ठरवा, मग कंपनी. म्युनिकसारख्या ठिकाणी हिवाळा म्हणजे बहुतेक दिवस ओला रस्ता, चिखलमिश्रित हिम आणि मोकळा ऑटोबान. तिथे मध्य युरोपीय पद्धतीचा, जरा ताठ, वेग सोसणारा टायर हवा. मॉन्ट्रियलला पारा उणे २० ला जातो, तिथे उत्तरी पद्धतीचा बिनकाट्याचा मऊ टायर बरा. त्याने कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग थोडं ढिलं वाटेल, गाडीचा डौल कमी झाल्यासारखा वाटेल. वाटू द्यावं. काटे खऱ्या बर्फाळ आडरस्त्यांसाठी, तेही कायदा परवानगी देईल तिथेच.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे का, ते पाहा. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) हे खाचांच्या आकाराबद्दलचं कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. डोंगराचं चिन्ह हिमावरच्या चाचणीनंतर मिळतं. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत फक्त तेच ग्राह्य धरतात, ऑक्टोबर २०२४ पासून. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचेच आहेत. पण डोंगराच्या चिन्हामागची चाचणी हिमावरची असते, बर्फावरची नव्हे. बर्फासाठीचं वेगळं चिन्ह युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलवर येऊ लागलं आहे.

महागड्या सेडानला कंपनीने २० इंची चाकं दिलेली असतात, दिसायला देखणी. हिवाळ्यासाठी ती काढून लहान घ्यावीत, आणि इथलं गणित मला फार आवडतं. बीएमडब्ल्यू पाच मालिकेच्या मागच्या पिढीचा २४५/३५ आर २० टायर घ्या. रुंदी २४५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ३५ टक्के. पूर्ण व्यास येतो ६७९.५ मिलिमीटर. आता २२५/५५ आर १७ घ्या: ६७९.३. चाक तीन इंचांनी लहान, टायर दोन सेंटिमीटरने अरुंद, पण उंचीतला फरक ०.२ मिलिमीटर! वेगदर्शक काटा फसत नाही, हिमाखाली दडलेल्या खड्ड्यात धक्का झेलायला रबराची उंच भिंत मिळते, आणि टायर स्वस्तही पडतात. फक्त मोठ्या ब्रेकवर १७ इंची चाक बसत नाही, तेव्हा आधी मॅन्युअल पाहावं.

टायर चारही एकसारखे घ्यायचे, ही अट ऑल-व्हील ड्राइव्हला जास्तच कडक लागते. पुढच्या-मागच्या चाकांचा परीघ वेगळा असेल तर ती सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि दोन्ही अक्षांना जोडणारी यंत्रणा तो फरक मिटवता मिटवता तापते, झिजते. दोन नवे, दोन जुने असली काटकसर इथे अंगाशी येते. काही गाड्यांना मागे जास्त रुंद टायर असतात; हिवाळ्यापुरते चारही एका मापाचे चालत असतील तर तेच बरं. बाजूवर बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, आउडीसाठी ‘एओ’ अशी खूण दिसली तर तो टायर त्या कंपनीने आपल्या गाड्यांवर पारखून घेतलेला असतो.

वेगाचं अक्षरही वाचावं. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०. गाडी त्याहून पळणारी असेल तरी जर्मनीत हिवाळी टायर कमी वेगाचा चालतो, मात्र चालकाच्या नजरेसमोर तशी चिठ्ठी चिकटवावी लागते. टायरमधली हवा थंडीत मोजा. २५ अंशांना ३६ पीएसआय भरलेला टायर उणे १५ ला जवळपास सात पीएसआय गमावतो, कुठेही भोक नसताना.

शेंद्र्याच्या कारखान्यात, आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ, जुळणी होणाऱ्या आउडींना यातलं काहीच लागत नाही. पण मुंबईची सिएट युरोपसाठी हिवाळी टायर बनवते, तेव्हा हे शास्त्र आपल्याकडेही कुणीतरी रोज घोटतंच आहे.

खर्चाचा हिशोब दिसतो तितका वाईट नाही. हिवाळी संच चालू असताना उन्हाळी संच झिजत नसतो, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं पुरतात. खरा जादा खर्च चाकांच्या दुसऱ्या संचाचा आणि टायर ठेवायच्या जागेचा. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हा हिवाळी टायरांचा काळ मानतात, आणि पहिलं हिम पडलं की टायरवाल्यांकडे रांगा लागतात. वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवावी. टायर बसवण्याआधी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३५२४ असेल तर तो २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. आणि चार मिलिमीटरपेक्षा कमी खाच उरलेला टायर, दुकानदार काहीही म्हणो, पुढच्या हिवाळ्यात लावू नये. ऑस्ट्रियात तर तो कायद्याने हिवाळी टायर धरतच नाहीत.