तुला राग आलाय ना?

मोबाईल काढून घेतला म्हणून माझ्या चार वर्षांच्या लेकीने भेस्तानच्या घरात फरशीवर लोळण घेतली. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. मी धपाटा घातला. ती गप्प झाली, पण दोन दिवस माझ्याजवळ फिरकली नाही.

मग वाचायला लागलो. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण वाढायला पंचविशी उजाडते. (काहींचा नंतरही शंकास्पदच!) संतापलेल्या मुलाला उपदेश पोचतच नाही. आता मी शेजारी बसतो. "राग आलाय ना? मोबाईल हवा होता?" एवढंच म्हणतो. मोबाईल देत नाही, मारूही देत नाही. शांत झाली की बोलतो. रुसणं, हिरमुसणं, चिडणं हे वेगवेगळे शब्द तिला आता ओळखीचे झालेत; कधीकधी किंचाळण्याआधी शब्द येतो.

आपल्या गुजरातेतच, १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. तिथे शिक्षा नव्हती, बक्षिसाचं आमिषही नव्हतं. आपल्या ताराबाई मोडक तिथेच घडल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या.

आमच्या आईला मात्र हे पटत नाही. नात रडली की तिचा चॉकलेटचा डबा उघडतोच. त्यावर आमची बोलणी सुरू आहेत.