गेंटच्या तहातील नववे कलम

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ साली पेटलेल्या युद्धातील शेवटची सागरी चकमक आशियात झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नसते. ३० जून १८१५ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीत ‘पीकॉक’ या अमेरिकन युद्धनौकेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील ‘नॉटिलस’ हे लहानसे जहाज अडविले. तह होऊन तोवर सहा महिने लोटले होते. नॉटिलसच्या लेफ्टनंट बॉइसने ते सांगितलेही. परंतु निशाण उतरविण्याचा हुकूम झाला, त्याने तो धुडकावला आणि तोफा सुटल्या. काही माणसे मेली, बॉइसचा पाय गेला. नंतर तहाची खात्री पटली आणि जहाज सोडून देण्यात आले.

वार्ता वेळेवर न पोचणे हा या युद्धाचा स्थायीभावच म्हटला पाहिजे. अमेरिकेने युद्ध पुकारले १८ जून १८१२ रोजी. ज्या व्यापारबंदीच्या हुकुमांवरून ते पुकारले, ते हुकूम लंडनने पाचच दिवसांनी, २३ जून रोजी मागे घेतले. पण अटलांटिक ओलांडून बातमी पोचायला आठवडे लागत.

पाठ्यपुस्तकांत दिलेली युद्धाची कारणे खोटी नाहीत. नेपोलियनशी निकराची झुंज देणाऱ्या ब्रिटिश आरमाराला खलाशी कमी पडत. म्हणून अमेरिकन जहाजे भर समुद्रात थांबवून त्यांवरील माणसे सक्तीने नेली जात. ब्रिटनमध्ये जन्मलेला माणूस मरेपर्यंत ब्रिटनचा प्रजाजन, असे त्यांचे म्हणणे. परकीयाला आमचे नागरिकत्व स्वीकारता येते, असे अमेरिकेचे. १८०७ साली तर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजाने ‘चेसापीक’ या अमेरिकेच्या युद्धनौकेवरच गोळे डागून चार खलाशी पळविले. जन्मून उणीपुरी तीस वर्षे झालेल्या राष्ट्राला हा अपमान झोंबला, यात नवल नाही.

पण प्रतिनिधिगृहातील मतदान पाहिले म्हणजे मन थबकते. युद्धाच्या बाजूने ७९ मते पडली आणि विरुद्ध ४९. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या किनाऱ्यावरील, जहाजांवर पोट भरणाऱ्या राज्यांच्या एकाही प्रतिनिधीने युद्धाला अनुकूल मत दिले नाही. उलट केंटकी आणि टेनेसी या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या राज्यांनी ते एकमुखाने दिले. खलाशांच्या हक्कांसाठी शेतकऱ्यांनी एवढे आतुर का व्हावे? अध्यक्ष मॅडिसन यांनी १ जून रोजी काँग्रेसला जो संदेश पाठविला, त्याच्या शेवटाकडे याचे उत्तर आहे. तक्रारींच्या यादीत सर्वांत शेवटी सरहद्दीवरील मूळ रहिवाशांचे हल्ले आणि त्यांना ब्रिटिशांची असलेली फूस यांचा उल्लेख होता.

या मूळ रहिवाशांचा नेता होता शॉनी जमातीचा टेकुमसे. जमीन साऱ्या जमातींची सामाईक आहे, कोण्या एका सरदाराला ती विकण्याचा अधिकार नाही, हे त्याचे साधे सूत्र होते. १८०९ साली गव्हर्नर हॅरिसन यांनी काही सरदारांच्या सह्या घेऊन सुमारे तीस लाख एकर जमीन पदरात पाडून घेतली, ती त्याने मानली नाही. तो दक्षिणेकडील जमातींना एकत्र करण्यासाठी गेला असताना हॅरिसन यांनी त्याच्या गावावर चाल केली आणि नोव्हेंबर १८११ मधील लढाईनंतर ते गाव जाळून टाकले. म्हणजे जाहीर युद्धाच्या सात महिने आधीच जंगलातले युद्ध सुरू झाले होते. पुढे टेकुमसे ब्रिटिशांना मिळाला, डेट्रॉइट घेण्यात त्याचा वाटा मोठा. आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडात माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याबरोबर लढताना तो पडला.

लढायांचा तपशील येथे नको. कॅनडा सहज हाती येईल, ही अमेरिकेची अपेक्षा फसली. अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील सरकारी इमारती जाळल्या. ब्रिटिशांनी ऑगस्ट १८१४ मध्ये वॉशिंग्टन जाळले. २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे, आजच्या बेल्जियममध्ये, तह झाला. जिंकलेले मुलूख परत करायचे ठरले. खलाशांच्या सक्तीच्या भरतीविषयी त्यात एक अक्षरही नाही! नेपोलियनचा पाडाव झाल्याने तो प्रश्न आपोआपच निकालात निघाला होता. ब्रिटिश वकिलांनी वाटाघाटींच्या आरंभी मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र प्रदेशाची मागणी धरली होती, ती सोडून दिली. तिच्या जागी आले नववे कलम : १८११ साली या जमातींची जी मालमत्ता आणि जे हक्क होते, ते त्यांना परत करावेत.

हे कलम लिहिले जाण्यापूर्वीच, ऑगस्ट १८१४ मध्ये, जनरल जॅक्सन यांनी दक्षिणेतील क्रीक जमातीकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन लिहून घेतली होती. तिच्यात जॅक्सन यांच्याच बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही जमीन होती. कलमाप्रमाणे ती परत जायला हवी होती. ती गेली नाही, आणि ब्रिटननेही त्यासाठी हट्ट धरला नाही. सह्या करणाऱ्या दोघांनाही आता व्यापार हवा होता. त्या जमिनीवर कापूस पिकू लागला, आणि कापसाबरोबर गुलामांची मागणी वाढली. जॅक्सन १८२९ साली आणि हॅरिसन १८४१ साली राष्ट्राध्यक्ष झाले. उरलेल्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा जॅक्सन यांच्याच सहीने १८३० साली झाला.

अमेरिकेत या लढ्याला दुसरे स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. परकी सत्तेचा जाच सोसलेल्या आपल्यासारख्यांना त्या नावाविषयी सहानुभूती वाटावी, हे स्वाभाविकच. परंतु या युद्धात स्वातंत्र्यासाठी प्रत्यक्ष घर सोडून निघालेली आणखी एक मंडळी होती. ब्रिटिशांच्या जहाजावर येईल त्याला मुक्त करू, असे आश्वासन मिळताच सुमारे चार हजार गुलाम रात्री-अपरात्री होड्यांतून निसटले. पुढे त्यांतील पुष्कळजण नोव्हा स्कोशिया आणि त्रिनिदाद येथे स्थायिक झाले. अमेरिकन सरकारने मात्र गेंटच्या तहाच्या पहिल्याच कलमाचा आधार घेऊन त्यांच्याबद्दल दावा मांडला. रशियाच्या झारकडे लवाद गेला, त्याने अमेरिकेच्या बाजूने कौल दिला, आणि १८२६ साली ब्रिटनने बारा लाख चार हजार नऊशे साठ डॉलर मोजण्याचे मान्य केले. ही रक्कम पळालेल्यांच्या मालकांत वाटण्यात आली.