चातुर्मासांतलें माझें अद्भुत वाचन

चातुर्मासांत कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी पोथी लावतो. गेल्या चातुर्मासांत मीं जो नेम धरला तो ऐकून आमच्या घरांतील वडील मंडळी हंसली. नेम असा, कीं आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज दुपारीं दोन तास मुलांच्या अद्भुत कादंबऱ्या व चित्रकथा वाचावयाच्या, आणि पुस्तक संपेपर्यंत त्याविषयीं बरें-वाईट कांहीं बोलावयाचें नाहीं. नेमाचा दुसरा भाग पहिल्याहून कठीण गेला.

यास कारण घरांतच घडलें. माझी नात बारा वर्षांची आहे. वाढदिवसाच्या पैशांतून तिनें जादूगारांच्या व राक्षसांच्या पुस्तकांचा एक ढीगच घरीं आणला. माझ्या थोरल्या बंधूंचें मत पडलें, कीं असलीं पुस्तकें घरांत नकोत. मुलीचें चित्त अभ्यासांतून उडेल. सूनबाईंचें म्हणणें, मोबाइलमध्यें डोकें घालून बसण्यापेक्षां पुस्तक केव्हांही बरें. वाद वाढत गेला, आणि चाळीस वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

न वाचतां निवाडा देण्याची मला जुनी संवय आहे. तिचा पुरावा त्याच सुमारास माळ्यावर सांपडला. एका जुन्या ट्रंकेंत, संस्कृतच्या टिपणवह्यांखालीं, एक इंद्रजाल कॉमिक निघालें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानें १९६४ सालीं सुरू केलेली ही चित्रकथामाला १९९० सालीं बंद पडली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा ‘फँटम’ तिच्यांतून मराठी मुलांकडे ‘वेताळ’ या नांवानें आला. सांपडलेल्या अंकावर भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या एका दुकानाचा शिक्का होता, आणि मलपृष्ठावर माझ्या अक्षरांत एका विद्यार्थ्याचें नांव व ‘आठवी ब’ असें लिहिलेलें होतें. मीं तो भर तासाला त्याच्या बाकाखालून ओढून घेतला होता. त्या वेळीं मी वर्गाला वेतालपंचविंशतींतील एक गोष्ट शिकवीत होतों. एक वेताळ फळ्यावर आणि दुसरा जप्त, यांतील विसंगति मला त्या दिवशीं दिसली नाहीं. “वर्षाखेर परत मिळेल,” असें मीं सांगितलें होतें. मिळालें नाहीं. दुकानदाराचा दंड त्याच्या घरच्यांनीं भरला असेल. मला पक्कें आठवतें तें एवढेंच, कीं त्यानंतर वर्षभर त्या मुलानें माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीं.

असो. आतां वाचनाकडे वळतों.

पहिलें पुस्तक घेतलें तें रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरचें. इंग्रजींत तें १९९७ सालीं निघालें आणि पुढें मराठींतही आलें. पोरक्या मुलाची ही कथा वेग धरून चालते, आणि जादू शिकविणारी शाळा वसतिगृहासकट डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु शिक्षक या नात्यानें माझा एक सक्त आक्षेप आहे. वर्षअखेरच्या भोजनाच्या वेळीं शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर ऐन वेळीं गुण वांटतात. स्लिदरिन या गटाचे ४७२ गुण, ग्रिफिंडोरचे ३१२. भोजनगृह स्लिदरिनच्या रंगांनीं सजलेलें; आणि अशा वेळीं ग्रिफिंडोरच्या तीन मुलांना ५०, ५० आणि ६० गुण देऊन हे गृहस्थ दोन्ही गट बरोबरीस आणतात! असें मीं केलें असतें तर दुसऱ्या दिवशीं पालकांनीं शाळेचें फाटक अडविलें असतें. मात्र त्यापुढील दहा गुणांनीं मला विचार करावयास लाविलें. ते मिळतात नेव्हिल नांवाच्या भित्र्या व विसराळू मुलाला, कारण तो स्वतःच्या मित्रांना विरोध करण्यास एकटा उभा राहिला. माझ्या प्रगतिपुस्तकांत या गुणासाठीं रकानाच नव्हता.

या मालेचे पुढचे भाग मात्र फुगत गेले आहेत. २००३ सालचा पांचवा भाग इंग्रजींत सातशें पानांच्या वर जातो, आणि त्यांतील दोनशें पानें काढलीं तरी कथेचें कांहीं बिघडणार नाहीं. नातीला हें मत मान्य नाहीं.

दुसरें पुस्तक टॉल्किन यांचें ‘द हॉबिट’. हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक, प्राचीन इंग्रजी भाषेचे पंडित. उत्तरपत्रिका तपासतां तपासतां एका विद्यार्थ्यानें कोरें सोडलेलें पान त्यांच्यापुढें आलें आणि त्यावर त्यांनीं या कथेचें पहिलें वाक्य लिहिलें, असें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. मींही हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. कोरें पान दिसलें कीं त्यावर लाल रेघ ओढली.

बिल्बो हा घरकोंबडा, खाण्यापिण्याचा शौकीन असा बुटका गृहस्थ तेरा खुजांबरोबर सोन्याच्या शोधार्थ निघतो. काळोख्या गुहेंत त्याला अदृश्य करणारी अंगठी सांपडते. तेथील गॉलम नांवाचा ओंगळ प्राणी त्याच्या जिवावर उठलेला, बिल्बो अदृश्य, हातांत तरवार, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर नेमका गॉलम बसलेला. एक घाव पुरे होता. परंतु त्या प्राण्याचें एकाकी जिणें मनांत येऊन बिल्बोला दया येते, आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. सबंध पुस्तकांत मला सर्वांत आवडलेलें स्थळ हें. गंमत अशी, कीं १९३७ सालच्या पहिल्या आवृत्तींत तें नव्हतेंच. तेथें गॉलम पुष्कळच सरळ आहे. पुढें अंगठीचा मोठा ग्रंथ लिहावयास घेतल्यावर ग्रंथकारानें हें प्रकरण बदललें व १९५१ सालीं सुधारून छापलें. आणि आधीची हकीकत ही बिल्बोची थाप होती, असें खुबीनें जुळवून टाकिलें. दोषही सांगतों. तेरा खुजांतील सात-आठ एकमेकांपासून ओळखूं येत नाहींत, आणि कथेंत स्त्रीपात्र जवळजवळ नाहींच. हा दुसरा दोष नातीनें दाखविला. माझ्या लक्षांत आला नव्हता.

तिसरें पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांचें, १९६८ सालचें. संस्कृत पढलेल्या मनुष्यास हें आपलें वाटेल. या द्वीपसमूहाच्या जगांत प्रत्येक वस्तूचें एक खरें नांव असतें, आणि तें जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. विद्यार्थ्यांनीं वर्षभर एका मनोऱ्यांत बसून नांवांच्या याद्या पाठ करावयाच्या. अमरकोश घोकणाऱ्या मुलांची मला आठवण झाली. शब्द आणि अर्थ यांचा संबंध केवढा गहन आहे, हें भर्तृहरीच्या वाक्यपदीयावरून मी अनेक वर्षें सांगत आलों. तीच गोष्ट येथें एक गुराखी पोर जगून दाखवितें.

हा गेड नांवाचा मुलगा बुद्धीनें तेज, पण गर्विष्ठ. सोबत्याला दिपविण्यासाठीं तो मृताचा आत्मा बोलावितो. त्या फटींतून एक काळी छाया जगांत शिरते, आणि ती फट बुजवितांना विद्यालयाच्या वृद्ध आचार्यांचा प्राण जातो. पुढें छाया पाठलाग करते आणि गेड पळत सुटतो, तों त्याचा पहिला गुरु त्याला सांगतो कीं आतां वळ आणि तूंच तिचा पाठलाग कर. शेवटीं दोघे समोरासमोर येतात, आणि गेड तिला जें नांव देतो तें त्याचें स्वतःचेंच असतें. हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ ओसरीवर बसून राहिलों. या पुस्तकांत हंसूं फारसें नाहीं, आणि स्त्रियांच्या जादूला त्यांत हलकी लेखिली आहे. लेखिकेलाही तें पुढें खुपलें असावें, कारण १९९० सालीं तिनें त्याच जगाची कथा एका स्त्रीच्या दृष्टीनें पुन्हा लिहिली.

चित्रकथांपैकीं अमर चित्र कथा परिचयाची होती. अनंत पै यांनीं १९६७ सालीं आरंभिलेल्या या मालेचे उपकार मोठे आहेत. आपल्या पुराणांतील माणसें कित्येक मुलांना प्रथम तिच्यांतच भेटलीं, आणि राम वाईरकर यांनीं रेखाटलेला बाळकृष्ण तर आमच्या घरांत अजून देवघराजवळ आहे. तरीपण दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. बत्तीस पानांत कालिदास बसवूं गेल्यास घटना तेवढ्या राहतात, वाणी निघून जाते. आणि देव गोरे व राक्षस काळे, हा रंगांचा हिशेब मुलांच्या मनांत नकळत मुरतो. कृष्ण या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्यानें तरी तो चालवून घेऊं नये.

बेल्जियमच्या एर्झे या चित्रकाराची ‘टिनटिन इन तिबेट’ ही चित्रकथा १९६० सालीं पुस्तकरूपानें आली. हिच्यांत खलपुरुष नाहींच! हिमालयांत विमान कोसळतें. चँग हा चिनी मित्र गेला असें सर्व म्हणतात. एकट्या टिनटिनला स्वप्नावरून वाटतें, तो जिवंत आहे. वाटेंत दिल्लीचा कुतुबमिनार येतो, आणि रस्त्यांत आडवी बसलेली गायही. पुढें कड्यावर दोरीला लोंबकळणारा कॅप्टन हॅडॉक मित्र वांचावा म्हणून स्वतःची दोरी कापावयास निघतो. हा मनुष्य एरवीं शिव्या व मद्य यांविना बोलत नाहीं. आणि ज्या हिममानवाला सर्व भितात, त्यानेंच चँगला जगविलेलें असतें. शेवटच्या चित्रांत मित्र दूर जातात आणि तो एकटा पाहत राहतो. त्या चित्रापुढें मी थांबलों.

याच चित्रकाराची कांगो देशावरील १९३१ सालची चित्रकथाही नातीनें हातीं दिली. तींत आफ्रिकेच्या लोकांना मूढ पोरांसारखे दाखविलें आहे. वाचून लाज वाटली. पुढें १९३४ सालीं चँग नांवाच्या खऱ्याखुऱ्या चिनी विद्यार्थ्याशीं त्याची मैत्री झाली, आणि परक्या देशांविषयीं लिहिण्यापूर्वीं नीट माहिती करून घ्यावी, हें तो त्या तरुणापासून शिकला. तिबेटच्या कथेंतील हरवलेल्या मित्राला तेंच नांव आहे.

टॉल्किन, ले ग्विन आणि एर्झे, या तिघांनींही आपलें जुनें लिखाण पुढें कोणत्या ना कोणत्या रीतीनें सुधारलें. मीं दिलेली एकही शिक्षा मीं कधीं सुधारली नव्हती.

आपल्याकडची एक कथा येथें सांगितली पाहिजे. सोमदेवाच्या कथासरित्सागरांत आरंभींच ती येते, आणि मीं ती वर्गांत पुष्कळदां सांगितली आहे. गुणाढ्यानें पैशाची भाषेंत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचिली. अरण्यांत शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. ती सातवाहन राजाकडे पाठविली. पिशाच्चांची भाषा, रक्ताचीं अक्षरें, असें म्हणून राजानें ती परत केली. गुणाढ्यानें डोंगरावर अग्नि पेटविला. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नींत टाकी. पशू चरणें विसरले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. शेवटीं राजा धांवत आला तेव्हां सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले होते. या राजाची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलें पैठण. ही कथा शिकवितांना मी नेहमीं गुणाढ्याच्या बाजूनें हळहळत असें. राजाच्या जागीं मी स्वतःला कधीं पाहिलें नव्हतें.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं घरीं निवाडा दिला तो असा. पुस्तकें घरांत राहतील. ज्यांस एखादें नको असेल त्यांनीं तें आधीं पूर्ण वाचावें व मग कारण सांगावें. बरें-वाईट निवडण्यास मला एक खूण सांपडली आहे. चांगल्या अद्भुत कथेंत जादूची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. वाईट कथेंत अडचण आली कीं नवा मंत्र निघतो आणि काम फुकट होतें. अशीं फुकट जादूचीं तीन-चार पुस्तकें त्या ढिगांत होतीं. तीं मीं केवळ नेमापायीं संपविलीं. नात तीं पूर्वींच कंटाळून टाकून मोकळी झाली होती. मुलांना पारख नसते हा आपला समज फारसा खरा नाहीं. बंधूंनीं निवाडा ऐकून घेतला, कांहीं बोलले नाहींत, आणि रात्रीं तिबेटचें पुस्तक आपल्या खोलींत घेऊन गेले.

राहिलें तें कॉमिक. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करून त्या मुलाचा पत्ता मिळविला. मुलगा म्हणतों, पण त्याचीही आतां पन्नाशी उलटली असेल. पत्र लिहून क्षमा मागितली आणि कॉमिक टपालानें पाठविलें. अजून उत्तर नाहीं. तें येईलच असेंही नाहीं. पाठविण्यापूर्वीं नातीनें तें वाचावयास मागितलें. एका बैठकींत वाचून तिनें अभिप्राय दिला, “आजोबा, बरें आहे. पण टिनटिन पुष्कळ चांगला.” ज्या पुस्तकापायीं मीं एका मुलाला वर्षभर मुका केला, त्यांत भिण्यासारखें होतें तें एवढेंच.