मेध्य औषधापूर्वी झोपेची चौकशी

परीक्षा जवळ आल्या की ब्राह्मी-शंखपुष्पीची मागणी वाढते, हे औषधी विक्रेत्या बंधूंना सांगावयास नको. ‘मुलाचे अभ्यासात लक्ष नाही’ म्हणणाऱ्या पालकांना मीही वर्षानुवर्षे सारस्वतारिष्टच देत आलो. आठ वर्षांच्या एका मुलास चार महिने औषध देऊनही फरक पडेना. अखेर आजी सहज बोलून गेली, “हा रोज रात्री आजोबांसारखा घोरतो हो!” तोंड उघडे टाकून निजणे, मध्येच श्वास अडखळणे, अंथरूण ओले होणे, सारेच होते. घसा पाहिला तो तुंडिकेरी इतकी वाढलेली, की दोन्ही टॉन्सिल एकमेकांस टेकलेले. आधी न विचारल्याचा दोष माझाच.

ज्ञान आणि अज्ञान दोन्ही निद्रेच्या अधीन, असे चरकाचार्य मानतात. डेव्हिड गोझल यांनी १९९८ मध्ये इयत्ता पहिलीत मागे पडलेली २९७ मुले तपासली. ५४ जणांचे निद्रेतील श्वसन सदोष आढळले. शस्त्रकर्म झालेल्या २४ मुलांचे गुण पुढील इयत्तेत सुधारले. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४६४ मुलांवरील अमेरिकी चाचणीत शस्त्रकर्माने झोप व वर्तन सुधारले, तरी लक्ष मोजणाऱ्या कसोटीत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून शस्त्रकर्माची घाई नको. पण नित्य घोरणारे मूल कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणाही नको. जुनाट प्रतिश्याय व स्थौल्य यांची चिकित्सा आपल्या हाती आहेच.

दुकानात शंखपुष्पीची बाटली मागणाऱ्या आईलाही ‘मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरते का?’ एवढे विचारता येते.