विमानाच्या खिडकीतून रुमाल टाकता येत नाही

मंद्रूपच्या स्टँडवर सोलापूरची गाडी आली की काय होते, ते आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत जातो, पिशवी जाते, प्रसंगी लेकरूसुद्धा जाते. एस.टी.त कोणती सीट चांगली, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेले नाही. चाकावरची सीट नको, तिथे गुडघे हनुवटीला लागतात. अगदी मागची नको, प्रत्येक खड्ड्याला माणूस हातभर उडतो. दुपारच्या गाडीने विजापूरकडे जायचे तर उजवीकडची खिडकी नको, सारा रस्ता ऊन तोंडावर येते. हे सगळे आमच्या थोरल्या आक्काला तोंडपाठ आहे. साठी ओलांडली तरी गर्दीत ती अशी जागा धरते की तरण्या पोरांनी बघत राहावे.

तीच आक्का २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईहून लंडनला गेली, तेव्हा नऊ तासांच्या वर दोन परक्या पुरुषांच्या मध्ये अंग चोरून बसली. एकदाही उठली नाही.

झाले असे. आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिकडे शिकायला गेली ती सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी ही योजना २००३ पासून चालू झाली आणि तिच्यात विमानाचे इकॉनॉमी वर्गाचे भाडेही मिळते. शिकून ती तिथेच नोकरीला लागली, लग्न झाले, आणि पहिल्या बाळंतपणाला आई जवळ पाहिजे म्हणून हट्ट धरून बसली. दाजींनी साठवलेल्या पैशांतून तिकीट काढले. तिकीट काढून देणाऱ्याने तारीख विचारली, पासपोर्ट मागितला, पैसे मोजून घेतले. सीट कुठली पाहिजे, हे ना त्याने विचारले, ना आम्हाला विचारायचे सुचले. विमान म्हणजे सगळ्याच सीटा सारख्या, असा आमचा समज. मुंबईच्या काउंटरवर जी उरली होती ती आक्काच्या नशिबी आली. तीन सीटांच्या रांगेतली मधली.

खिडकीकडचा माणूस कानाला यंत्र लावून बसला. वाटेकडचा जेवण झाल्यावर घोरू लागला. आक्काला मधुमेह आहे, तिला दर दोन तासांनी उठावे लागते. पण झोपलेल्या माणसाला उठवायचे तिच्या जिवावर आले. तिने काय केले? पाणी पिणेच बंद केले. "पाणीच न्हाई प्यालं तर उठायचं कशाला, म्हणून गप बसले गं," असे ती नंतर फोनवर म्हणाली. लंडनला उतरली तेव्हा दोन्ही पाय इतके सुजले होते की चपला पायात जाईनात. पोरगी आईच्या गळ्यात पडायचे सोडून तिच्या पायांकडेच बघत राहिली.

डॉक्टरांनी तपासले. नुसती सूज होती, रक्ताची गाठ नव्हती. पण त्यांनी आक्काची चांगलीच कानउघाडणी केली. पाय लोंबकळत ठेवून तासन् तास हालचाल न करता बसले, की पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळू शकते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावर अहवाल दिला होता. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यात म्हटले आहे. घाबरून जाऊ नये, कारण धडधाकट माणसात सुमारे सहा हजारांत एकाला असे होते. आणि हे फक्त विमानाचे नाही, लांबच्या बसला आणि रेल्वेलाही लागू आहे. पण वय झालेले, अंगाने जड, नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर किंवा नुकत्या बाळंत झालेल्या बाया, यांनी जपले पाहिजे. अशा माणसाला खिडकीत किंवा मध्ये कोंबून बसवणे म्हणजे त्याचे उठणेच बंद करणे.

परत यायच्या वेळी मात्र भाचीने आणि मी फोनवरून या सीटांचा अभ्यासच केला. दाजी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्यामुळे त्यांचाही शब्द मध्ये मध्ये पडायचाच. जे कळले ते इथे देते.

लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात जायला-यायला दोन वाटा असतात. त्यामुळे सीटांचे तीन गट पडतात. बोईंग ७७७ मध्ये आता बहुतेक ठिकाणी ३-४-३ अशा दहा सीटा एका रांगेत असतात. बोईंग ७८७ आणि एअरबस ए-३५० मध्ये ३-३-३, तर एअरबस ए-३३० मध्ये २-४-२. रांगेला आकडा असतो आणि सीटला इंग्रजी अक्षर. 'ए' म्हणजे डावीकडची खिडकी. शेवटचे अक्षर, बहुधा 'के', म्हणजे उजवीकडची खिडकी. मध्ये 'आय' हे अक्षर गाळतात, कारण ते एक आकड्यासारखे दिसते. पुष्कळ विमानांत तेरावी रांगही नसते. तेरा आकडा अशुभ म्हणे! एवढे मोठे यंत्र आकाशात नेणारी माणसे आणि आकड्याला भिणारी, याचे मला हसू आले.

आता मुद्द्याचे. म्हाताऱ्या माणसाला वाटेकडचीच सीट पाहिजे, हे खरे. पण वाटेकडच्या सगळ्या सीटा सारख्या नसतात. तीनच्या गटात खिडकीकडून वाटेपर्यंत आलात तर तुमच्या आत दोन माणसे अडकलेली असतात. दोघांनाही उठायचे झाले की तुम्हाला उठवणार. मधल्या चारच्या गटात तसे नाही. तिथे दोन्ही बाजूंना वाट असते, म्हणून मधले दोघे आपापल्या बाजूने बाहेर पडतात. म्हणजे 'डी' किंवा 'जी' वर बसणाऱ्याला फार तर एकच माणूस उठवतो. मधल्या गटात तीनच सीटा असतील तर आणखी बरे, कारण मधला एकटा कधी इकडून जाईल, कधी तिकडून. रात्रीच्या प्रवासात हा फरक मोठा आहे. हे भाचीने कागदावर काढून पाठवले तेव्हा दाजी म्हणाले, "हे तर आमच्या गाडीत पण आहे की, पण कुणी असं मांडलं नव्हतं."

जोडप्याने जायचे असेल आणि विमान २-४-२ चे असेल, तर खिडकीकडच्या दोन सीटा घ्याव्यात. तिसरा परका माणूस येतच नाही. तीनच्या गटात जायचे असेल तर काही जण खिडकी आणि वाट या दोन सीटा घेतात आणि मधली मोकळी ठेवतात. विमान भरले नाही तर मधली रिकामी राहते, कारण मुद्दाम मधली कुणी मागत नाही. कुणी आलेच तर त्याला वाटेकडची देऊन आपण शेजारी बसावे. तो आनंदाने उठतो.

रुंदीचेही बघावे. दहा सीटांच्या रांगेतली सीट साधारण १७ इंच रुंद असते, ए-३५० मधली साधारण १८. एक इंचाने काय होते, असे वाटेल. नऊ तासांत होते. मागच्या आणि पुढच्या सीटमधले अंतर सहसा ३१ ते ३२ इंच असते. काही सीटांखाली टीव्हीच्या यंत्राची लोखंडी पेटी असते, तिथे एक पाय लांब करायला जागाच उरत नाही.

आता एस.टी.च्या मागच्या सीटचे. दाजींचे म्हणणे, मागच्या चाकाच्या मागे जी सीट ती उडणारच, कारण झोपाळ्याच्या टोकाला बसल्यासारखे होते. विमानातही जवळपास तेच आहे. विमानाचा तोल पंखांच्या आसपास असतो, म्हणून पंखावरच्या रांगांना हादरे कमी जाणवतात आणि शेपटाकडे जास्त. ज्याला गाडी लागते, त्याने पंखाजवळ बसावे. पण पंखावर बसले तर खाली काही दिसत नाही, हेही सांगून ठेवते. शेपटाकडे विमान निमुळते होते, त्यामुळे ७७७ मध्ये शेवटच्या काही रांगांत तीनऐवजी दोनच सीटा असतात आणि खिडकीशी हातभर मोकळी जागा मिळते. मात्र अगदी शेवटची रांग घेऊ नये. पाठीमागे भिंत असल्याने पाठ मागे टेकत नाही आणि संडासाची रांग डोक्याशी उभी राहते. संडासापासून तीन-चार रांगा पुढे, हे आक्कासारख्यांना बरे.

पुढे भिंत असलेली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग, या दोन्हींना लोक भुलतात, कारण पाय पसरता येतात. भिंतीच्या रांगेत टेबल हाताच्या दांड्यात बसवलेले असते, म्हणून दांडा वर होत नाही आणि सीट जरा अरुंद होते. पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत. दाराच्या रांगेत बसणाऱ्याला प्रसंग आला तर मदत करता आली पाहिजे. म्हणून लहान मुले, गरोदर बाई, अपंग, व्हीलचेअर मागितलेला माणूस यांना ती देत नाहीत. आपल्याकडचे आई-वडील विमानतळावर चालायला नको म्हणून व्हीलचेअर मागतात, आणि ते योग्यच आहे. पण मग दाराची सीट विसरावी.

"कुठल्या सीटवर बसलं की माणूस वाचतो?" हा प्रश्न दाजींनी विचारला आणि आम्ही सगळे गप्प झालो. १२ जून २०२५ चे अहमदाबाद सर्वांच्या मनात होते. लंडनकडे निघालेल्या त्या विमानातले २४२ पैकी २४१ जण गेले. एकटा वाचला तो ११-ए वर, दाराजवळ बसलेला. त्यानंतर म्हणे लोक ११-ए मागू लागले. पण दुसऱ्या विमानात ११-ए दाराजवळ असतेच असे नाही. कुठे ती पंखाच्या पुढे, कुठे महागड्या वर्गात. दाजींना जुनी गोष्टही आठवली. एअर इंडियाचे पहिले जंबो विमान १९७१ साली आले, त्याचे नाव 'सम्राट अशोक'. नावाचा केवढा अभिमान वाटला होता, असे ते सांगतात. तेच विमान १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. कुणाची सीट कामाला आली नाही.

कामाला येतो तो पट्टा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान हवेत एकाएकी इतके आदळले की ते बँकॉकला उतरवावे लागले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. दिवा विझला तरी बसल्याजागी पट्टा सैल का होईना बांधलेला असावा, म्हणजे छताला डोके आपटत नाही. आक्काला हे पटायला वेळ लागला नाही, मंद्रूपच्या रस्त्याने तिला छत दाखवलेले आहे.

सीट मिळवायची कशी? तिकीट काढतानाच विचारावे. पुष्कळ कंपन्या सीट निवडायचे वेगळे पैसे घेतात. ते द्यायचे नसतील तर निघायच्या २४ किंवा ४८ तास आधी मोबाईलवर चेक-इन उघडते, तेव्हा उरलेल्यांतली निवडता येते. भाचीने घड्याळ लावून ठेवले होते. मधुमेहाचे जेवणही एक-दोन दिवस आधी सांगून ठेवता येते, आणि असे वेगळे जेवण सहसा इतरांच्या आधी येते. मोजे घालायचे की नाही, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

मार्चमध्ये आक्का परतली ती मधल्या गटातल्या 'डी' वर. दर दीड तासाला उठली, मागच्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत गेली, टाचा वर-खाली केल्या, पाणी मागून प्याली. शेजारी एक पंजाबी म्हातारी होती. तिला उठायचा संकोच वाटतोय हे आक्काच्या ध्यानात आले, तेव्हा तिने स्वतःच तिच्या खांद्याला हात लावून उठवले आणि दोघी बरोबर चालून आल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर, आणि तिथून लाल गाडीने मंद्रूप. स्टँडवर उतरली तेव्हा पायात चपला होत्या.

आता भाची बाळाला घेऊन यायची आहे. भिंतीच्या रांगेत लहान बाळासाठी पाळणा अडकवतात, पण ते मोजकेच असतात आणि बाळाच्या वजनाला मर्यादा असते, म्हणून तिकिटाबरोबरच सांगून ठेवावे लागते. तिने सांगितले आहे. दाजींनी सीटचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, आणि आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते.